कोराडीचा निखारा, इतवारीचा मीना

मार्गशीर्षातली सकाळ होती. इतवारीतील आमच्या घरी आई जप आटोपून उन्हात बसली होती आणि तिच्या तळहातावर एक छोटेसे पदक होते. रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, चांदीचे. त्यावर आपल्या ध्वजाचे पाच रंग आडव्या पट्ट्यांत भरलेले. वर लाल, मग पिवळा, मध्ये रुंद पांढरा, त्याखाली हिरवा आणि तळाशी काळपट निळा. कोराडीला राहणाऱ्या माझ्या पुतणीने ते पाठवले होते. सोबत दोन ओळींची चिठ्ठी होती : ‘काका, असे बारा नग तयार आहेत. महावीर जयंतीपर्यंत पेढीवर ठेवाल का?’

आईने पदक पदराने पुसले, उजेडात तिरपे धरले, नखाने खरवडून पाहिले. ‘हा रंग नव्हे, काच आहे ही,’ ती म्हणाली. चौऱ्याऐंशी वर्षांच्या डोळ्यांनी बरोबर ओळखले होते. मी म्हणालो, ‘होय, मीना म्हणजे काचच. भट्टीत वितळवून चांदीवर बसवलेली.’ भट्टी हा शब्द ऐकताच तिची मुद्रा बदलली. मी घाईने पुस्ती जोडली, ‘विजेची भट्टी आहे, आई. धूर नाही, निखारा नाही.’

‘निखारा नाही कसा? ती वीज कुठे तरी पेटतच असेल ना?’

माझ्याजवळ उत्तर नव्हते.

आमच्या घरी तीन पिढ्यांची सराफी आहे. वडील सांगत, ‘आपण दागिना विकायचा, भट्टी मांडायची नाही.’ त्यामागे शास्त्राचा आधार होता. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत पहिलेच नाव अंगारकर्माचे आहे. उपासकदशांग सूत्रात आनंद श्रावकाच्या व्रतांच्या प्रसंगी ही कर्मादाने सांगितली आहेत. हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात अग्नीवर चालणाऱ्या उपजीविकांत कुंभार आणि लोहार यांच्यासोबत सोनाराचेही काम मोजले आहे. लाखेचा आणि हस्तिदंताचा व्यापार त्याच यादीत वर्ज्य ठरला आहे. आम्ही भट्टी कधी मांडली नाही, ही गोष्ट खरी. पण आमच्या पेढीवरचा प्रत्येक दागिना कोणाच्या ना कोणाच्या भट्टीतून आलेला होता, हा विचार आम्ही कधी फार वेळ मनात टिकू दिला नाही. आईच्या प्रश्नाने तो पुढ्यात आणून ठेवला. पुढच्या रविवारी मी कोराडीला निघालो.

कोराडी नागपूरच्या उत्तरेस, सावनेर-छिंदवाड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, शहरापासून सुमारे १५ किलोमीटरवर आहे. मानकापूर मागे पडले, की थोड्याच वेळात वीज केंद्राची धुराडी दिसू लागतात आणि मग वाट विचारावी लागत नाही. थंडीचे दिवस असल्यामुळे रस्त्याच्या कडेला संत्र्यांचे ढीग लागले होते. सकाळचे धुके आणि धुराड्यांवरची वाफ कुठे एकमेकांत मिसळते, ते सांगता येत नव्हते.

नागपूरकराला कोराडी दोन गोष्टींनी माहीत असते : देवी आणि वीज. तलावाच्या काठी श्री महालक्ष्मी जगदंबेचे मंदिर आहे. देवीचे रूप दिवसातून तीनदा पालटते, सकाळी ती बालिका दिसते, दुपारी तरुणी आणि सायंकाळी प्रौढा, अशी भाविकांची श्रद्धा आहे. नवरात्रात येथे अखंड ज्योती तेवतात आणि रात्रभर माणसांची रीघ असते. २०२३ च्या जुलै महिन्यात राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते भारतीय विद्या भवनाच्या रामायण सांस्कृतिक केंद्राचे उद्घाटन झाल्यापासून बाहेरगावचे यात्रेकरूही वाढले आहेत.

वीज केंद्राचा पहिला संच सुरू झाला १९७४ मध्ये. भगवान महावीरांच्या २५०० व्या निर्वाण महोत्सवाचा आरंभ त्याच वर्षी झाला आणि त्याच महोत्सवाच्या निमित्ताने पाच रंगांचा ध्वज आपल्या सर्व संप्रदायांचा म्हणून स्वीकारला गेला. खिशातल्या पदकामुळे हा योगायोग मला त्या दिवशी सुचला. एरवी सुचला नसता. आज केंद्रात ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच आहेत.

मंदिराच्या वाटेवर दुतर्फा दुकाने आहेत. काचेच्या बांगड्यांच्या राशी, मंगळसूत्राच्या काळ्या मण्यांच्या लडी, रंगीत पदके, मुलींच्या कानातले. चाळीस वर्षे सराफीत काढलेला मनुष्य अशा दुकानांपुढे थांबत नाही. मी थांबलो. बांगडी काचेची, काळा मणी काचेचा. आणि आमच्या पेढीवर मखमलीत ठेवलेल्या हारावरचा मीना, तोही काचेचाच. गरिबाघरच्या लेकीच्या मनगटावर जी वस्तू दहा-वीस रुपयांची, तीच सोन्यावर वितळून बसली की तिची घडणावळ हजारांत मोजली जाते. फरक काचेत नसतो. ती धातूवर बसवणाऱ्याच्या हातात आणि आगीच्या मापात असतो.

पुतणीचे यजमान वीज केंद्रात अभियंता आहेत. त्यांचे घर वसाहतीत, मागे छोटी पडवी. त्या पडवीत, दगडी ओट्यावर, भट्टी होती. आमच्या पेढीवरच्या जुन्या गल्ल्याएवढीच. बाहेरून पत्रा, आतून पांढऱ्या उष्णतारोधक विटा आणि त्यांच्या खाचांत तारेची वेटोळी. पुतणी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. जयपूरला एका वृद्ध मीनाकाराच्या हाताखाली पंधरा दिवस बसून ती हे काम शिकली. उरलेले, तिच्याच शब्दांत सांगायचे तर, ‘बिघडवून बिघडवून’.

मीना म्हणजे काय हे मी गिऱ्हाइकांना चाळीस वर्षे सांगत आलो होतो. प्रत्यक्ष होताना पाहिला तो त्या दिवशी.

हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. वस्तू म्हणून मीना ही एक विशेष काच आहे. गारगोटीची बारीक वाळू, ती लवकर वितळावी म्हणून टाकणखार आणि सोडा-पोटॅशसारखे क्षार, आणि रंगासाठी धातूंची भस्मे. कथिलाने अपारदर्शक पांढरा येतो, कोबाल्टने निळा, तांब्याने हिरवा आणि मोरपंखी. जुन्या काळी उत्तम लाल रंगासाठी काचेत प्रत्यक्ष सोन्याचा अंश मिसळत. आता बहुधा कॅडमियम आणि सेलेनियम वापरतात. ही रंगीत काच खड्यांच्या रूपात मिळते. पुतणी ते खडे खलात पाण्याखाली कुटते. दाणा बारीक रव्याएवढा झाला, की वरचे दुधाळ पाणी ओतून टाकायचे, पुन्हा पाणी घालायचे, पुन्हा ओतायचे. पाणी नितळ दिसेपर्यंत हे चालते. कारण अतिसूक्ष्म भुकटी मागे राहिली तर रंग ढगाळ होतो. पाणी अर्थातच गाळलेले. काच कधीही कोरडी कुटायची नाही आणि तोंडावर फडके बांधल्याशिवाय हे काम करायचे नाही, हा तिचा पहिला नियम. काचेची धूळ फुप्फुसात गेली की परत निघत नाही.

चांदीच्या पत्र्यावर तिने आधी उथळ खाचा कोरल्या होत्या. जयपूरची पद्धत हीच : धातू कोरून त्याच्या खोलगट भागांत मीना भरायचा. दुसऱ्या पद्धतीत बारीक तारेची कुंपणे उभी करून त्यांच्या आत रंग भरतात. कोरीव काम करताना कारागीर दागिना लाखेवर चिकटवून पक्का धरतात. पुतणीने लाख टाळली आहे. लाख किड्यापासून मिळते हे तिला ठाऊक आहे आणि लाक्षावाणिज्य कर्मादानात आहे हेही. गरम पाण्यात मऊ पडणारा आणि निवल्यावर घट्ट होणारा एक कृत्रिम पदार्थ ती त्यासाठी वापरते.

कुंचल्याच्या टोकाने तिने ओली काच खाचेत भरली, टिपकागदाने पाणी शोषले आणि नग भट्टीच्या माथ्यावर सुकत ठेवला. ओलसर राहिला तर आत जाताच पाण्याची वाफ होऊन मीना उडतो. मग तिने भट्टीचे दार उघडले आणि पेटवण्यापूर्वी मऊ कुंचल्याने आतला प्रत्येक कोपरा हळुवार झाडला. ‘मुंगी, कोळी असतात, काका. उबेला येतात.’ सूर्यास्तानंतर ती भट्टी लावत नाही. उजेडावर झेपावणाऱ्या जिवांची मला आठवण झाली.

भट्टी ८०० अंशांच्या आसपास आल्यावर लांब चिमट्याने तिने नग आत सरकवला. ‘आता जाळीतून बघा.’ मी पाहू लागलो. भरलेली भुकटी आधी काळवंडली. मग साखरेच्या दाण्यांसारखी खरखरीत दिसू लागली. मग तिच्यावर बारीक खळगे उठले. ‘या अवस्थेला संत्र्याची साल म्हणतात,’ ती म्हणाली आणि दोघेही हसलो. नागपूरकराला समजावण्याचे काम या कलेनेच केले होते. आणखी काही क्षणांत ते खळगे भरून आले आणि पृष्ठभाग पाण्यासारखा सपाट झाला. ‘बस!’ नग बाहेर. सगळे मिळून दोन मिनिटेही झाली नव्हती.

बाहेर आलेला नग पाहून माझा विरस झाला. पांढरा रंग कुठेच नव्हता. लालबुंद धातूवर एक मळकट डाग होता. ती काही बोलली नाही. मिनिटभरात लाली उतरली, मग करडेपणा उतरला आणि खालून हळूहळू पांढरा वर आला, जणू इतका वेळ तो आतच बसला होता.

पाच रंग एकाच वेळी भाजता येत नाहीत, हे मला त्या दिवसापर्यंत नीट ठाऊक नव्हते. प्रत्येक रंगाला आपापली आच लागते. जी काच अधिक उष्णता सोसते ती आधी. लाल रंग सर्वांत शेवटी, कारण तो थोडी जास्त आच लागली तरी करपून काळपट तपकिरी होतो. जयपूरच्या पंचरंगी मीन्यातही हाच क्रम असतो. म्हणजे ध्वजात सर्वांत वर असलेला सिद्धांचा लाल रंग भट्टीत सर्वांत शेवटी जातो. आणि तोपर्यंत बाकीचे रंग पुन:पुन्हा आगीतून गेलेले असतात. एका नगाला सहा वेळा आगीत जावे लागते. सहाव्यांदा चूक झाली, तर आधीच्या पाचांचे कष्ट वाया. बारा नग पाठवण्यासाठी तिने एकोणीस केले होते. उरलेले सात एका डबीत ठेवलेले तिने मला दाखवले. काहींत बुडबुडे होते, काहींना चीर होती आणि एकाची चांदीच कडेने वितळली होती. शुद्ध चांदी ९६२ अंशांना वितळते. तिच्यात आणि मीन्यात अंतर ते कितीसे!

मी पदक उलटे केले. मागेही मीना होता, साधा करडा. ‘मागे कोण बघणार आहे? हा खर्च कशाला?’ माझ्यातला व्यापारी बोलला. तिने समजावले : धातू आणि काच दोन्ही तापल्यावर प्रसरण पावतात, निवताना आकसतात, पण सारख्या प्रमाणात नाही. पातळ पत्र्याच्या एकाच अंगाला काच बसवली, तर निवताना पत्रा वाकतो आणि काच तडकते. दोन्ही अंगांना बसवली की ताण सारखा होतो. मला आमची खतावणी आठवली. जमेची बाजू कितीही सुंदर लिहिली आणि नावेची बाजू कोरी ठेवली, तर तो हिशेब एक दिवस मोडतोच.

पडवीच्या दुसऱ्या कोपऱ्यात तिचे काचेवर काच वितळवण्याचे काम चालते. रंगीत काचेचे तुकडे एकावर एक रचून भट्टीत ठेवले की ते एकजीव होऊन गुळगुळीत खडा बनतो. तो चांदीच्या कोंदणात बसवायचा. आपल्या परिचयातला या कुळातला दागिना म्हणजे राजस्थानातील प्रतापगढचा थेवा. त्यात सोन्याच्या पातळ पत्र्यावरची जाळी रंगीत काचेवर कायमची बसलेली असते. पुतणीने मंदिराच्या वाटेवरल्या दुकानांतून फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे मागून आणले आणि दुसऱ्या प्रकारच्या काचेसोबत वितळवले. खडे सुरेख निघाले. तीन दिवसांनी, कपाटात ठेवले असताना, कोणाचाही हात न लागता ते तडकले. दोन काचांचे आकसणे जुळत नसेल, तर वरून झालेला मिलाफ टिकत नाही. काच जुळली तरी ती रात्रभर, अंशाअंशाने थंड व्हावी लागते. घाई केली तर तडा आतच राहतो आणि नंतर केव्हा तरी प्रकट होतो.

येथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. पुतणीची चिठ्ठी आल्यावर मी तिला उत्तर लिहिण्याआधी दुसऱ्याच एकाला दूरध्वनी केला होता. हुबेहूब असेच पदक, पाचशे नग, महावीर जयंतीपूर्वी. त्याने भाव सांगितला तो पुतणीच्या पदकाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी. कारण त्यात मीना असणार नव्हता. असणार होता तो रंगीत राळेसारखा पदार्थ, जो मंद आचेवर किंवा नुसता ठेवूनच घट्ट होतो. बाजारात तोही मीना म्हणूनच विकला जातो. दिसायला पहिल्या दिवशी तो तसाच दिसतो. तापलेली सुई टोचली की मऊ पडतो, वर्षादोनवर्षांत ओरखडतो, पिवळा पडतो, कडेने उचकटतो. खऱ्या मीन्याला सुईने काही होत नाही आणि शंभर वर्षांनी त्याचा रंग तोच असतो; आपटला तर मात्र टवका उडतो, कारण ती काच आहे.

दोन वर्षांपूर्वी असेच एक पदक घेऊन एक बाई पेढीवर आल्या होत्या. मुलीच्या वाढदिवसाला घेतलेले, रंगाचा पापुद्रा निघालेला. पावतीवर माझ्याच हस्ताक्षरात ‘मीना’ असे लिहिले होते. मी त्यांना कारागिराचा दोष सांगितला. नग बदलून दिला, तोही त्याच जातीचा. तत्त्वार्थसूत्रात अचौर्य व्रताच्या अतिचारांत खोटे वजनमाप येते आणि त्याच्याच शेजारी प्रतिरूपक व्यवहार येतो. म्हणजे अस्सलाच्या नावाने त्याच्यासारखे दिसणारे दुसरे काही देणे. तराजूच्या बाबतीत आमची पेढी गुंजभरही चुकत नाही. जुन्या दागिन्याची मोड घेताना मीन्याची आणि लाखेची घट आम्ही बरोबर धरतो. पण विकताना ‘मीना’ हा शब्द लिहिण्यापूर्वी आत काय आहे हे मी कधी पाहिले नव्हते. अंगारकर्म टाळले म्हणून स्वतःला निर्मळ समजणारा मी, या दुसऱ्या ओळीवरून सरळ पुढे गेलो होतो.

हे पुतणीला सांगितले नाही. ती सहाव्या भाजणीत गुंतली होती. लाल रंग नीट उतरला.

जेवण झाल्यावर तिच्या यजमानांनी एक काचपट्टी आणली. तिच्यावर चिमूटभर करडी भुकटी होती. मुलाच्या शाळेसाठी घेतलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली ती ठेवून ते म्हणाले, ‘काका, पाहा.’ मी डोळा लावला. करड्या पिठाच्या जागी असंख्य मणी होते. बहुतेक गोल, काही पारदर्शक, काही दुधाळ, काही एकमेकांना चिकटलेले. ‘ही राख आहे. कोळशाची.’

आपल्याकडच्या कोळशात राखेचे प्रमाण बरेच असते, बहुधा ३० ते ४० टक्के. ही राख म्हणजे कोळशासोबत आलेली माती आणि वाळू. बाष्पकात कोळशाची पूड १३०० अंशांहून अधिक तापमानात जळते, तेव्हा ती वाळू वितळते आणि वायूच्या झोताबरोबर उडताना, थंड होताना, तिचे थेंब गोल होतात. त्यामुळे या राखेचा मोठा भाग ही काचच असते. ती विद्युत यंत्रणेने धरून ठेवतात आणि पुढे सिमेंटात, विटांत वापरतात. पुतणीच्या ओट्यावर खलात कुटलेली काच होती आणि दोन कोसांच्या आत, धुराड्याच्या तळाशी, न मागता तयार होणारी ही काच. दोन्ही एकाच आगीच्या लेकी.

मग आम्ही हिशेब मांडला. व्यापाऱ्याला हिशेबाशिवाय गोष्ट पटत नाही. पुतणीने भट्टीला वेगळे मीटर लावले आहे. बारा पदकांच्या सगळ्या भाजण्यांना मिळून सहा युनिटे लागली. कोळशावरच्या एका युनिटाला ढोबळमानाने साडेसहाशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे जवळपास चार किलो कोळसा; बारांत विभागला तर प्रत्येक पदकामागे सव्वातीनशे ग्रॅम. आणि शंभर-सव्वाशे ग्रॅम राख. पदकाचे स्वतःचे वजन एका तोळ्याहून कमी! वीज जाळ्यातून फिरते, कोराडीचीच ठिणगी तिच्या पडवीत येते असे म्हणता येणार नाही, हे यजमानांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण निखारा कुठे तरी आहे, त्याचे वजन आहे आणि ते वजन करता येते. ‘म्हणूनच मी भट्टी पूर्ण भरल्याशिवाय लावत नाही,’ पुतणी म्हणाली. दोन नगांसाठी कोणी कितीही घाई केली तरी ती थांबते. यत्नाचार या शब्दाचा अर्थ मी प्रवचनांत अनेकदा ऐकला आहे. इथे तो मीटरवर वाचता येत होता.

उजेड होता म्हणून परतताना थेट इतवारीकडे न येता काटोल रस्त्याच्या बाजूला वळलो. तिकडे माहुरझरी हे गाव आहे. शेते, टेकाड, दगडांची वर्तुळे. पाहणाऱ्याला विशेष काही दिसत नाही. पण १९७० ते १९७२ या काळात नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शां. भा. देव यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा लोहयुगातील दफने, तांब्याचे आणि सोन्याचे अलंकार, आणि मुख्य म्हणजे मणी मिळाले : अकीक, कार्नेलियन, यास्पर, स्फटिक. पूर्ण झालेले, अर्धवट राहिलेले आणि फोडताना उडालेल्या टवक्यांसह. म्हणजे हे मण्यांचे कारखानदारीचे गाव होते आणि पुढे वाकाटकांच्या काळापर्यंत ते नांदत राहिले. आपल्या वाचकांना आणखी एक गोष्ट ठाऊक असावी : हेच डॉ. देव जैन श्रमणसंघाच्या इतिहासावरील ग्रंथाचे कर्ते. तो ग्रंथ डेक्कन कॉलेजने १९५६ मध्ये प्रसिद्ध केला. ज्यांनी सर्वसंगपरित्याग केलेल्या मुनींच्या आचाराचा इतिहास लिहिला, त्यांच्याच देखरेखीखाली पुढे अलंकारांचे हे गाव मातीतून वर आले.

त्या मण्यांतही आग आहे. फिकट अकीक तापवला की त्याला कार्नेलियनचा तांबूस रंग चढतो. लाल मण्यावर क्षाराच्या लेपाने नक्षी काढून तो भाजला की नक्षी पांढरी होऊन कायमची उमटते. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी अशा मण्यांवर १९४९ मध्ये पुस्तक लिहिले आणि १९६९ मध्ये भारतीय काचेचा इतिहास लिहिला. क्षार, आच आणि रंग : पुतणीच्या पडवीत जे पाहिले, त्याचे पूर्वज कोराडीपासून हाकेच्या नसले तरी तासाभराच्या अंतरावर, दोन हजार वर्षांमागे, हेच करत होते. त्यांचे मणी कोणी तरी विकत घेतले असतील, कोणी तरी दूरच्या बाजारी नेले असतील. तो नेणारा आमच्यासारखाच असावा. त्याने भट्टी पाहिली होती का, की तोही म्हणत असे, ‘आपण विकायचे, भट्टी मांडायची नाही’?

दिवेलागणीपूर्वी घरी पोहोचलो. आईचे जेवण झाले होते. मी तिला सगळे सांगितले. मुंगीसाठी झाडलेला कोपरा, सव्वातीनशे ग्रॅम कोळसा, राखेतले मणी. शेवटी पाचशे नगांचेही सांगितले आणि त्या पावतीचेही. ती बराच वेळ गप्प होती.

‘गृहस्थाला आरंभी आणि उद्योगी हिंसा पूर्ण सुटत नाही,’ ती म्हणाली. ‘संसार आहे तोवर चूल आहे. पण निखारा समोर असला की माणूस जपून वागतो. समोर नसला की सैल होतो. पोरीने तो समोर ठेवलाय. तू?’

भट्टी मांडावी की नाही, याचा निर्णय तिने दिला नाही आणि मीही मागितला नाही. आपल्या समाजात यावर मतभेद राहतील. काही घरांत ही पडवी मान्य होणार नाही आणि त्यांच्या न मानण्याला मोठा आधार आहे. मला मात्र एवढे कळले, की न मांडलेल्या भट्टीचे पुण्य मी आजवर जरा जास्तच मोजत आलो होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ती पाचशे नगांची मागणी रद्द केली. दिलेली बयाणा रक्कम गेली. ती जायलाच हवी होती. जुन्या वह्या काढून त्या बाईंचे नाव शोधले. पत्ता होता. त्यांना पैसे परत पाठवले आणि पावतीवर काय चुकीचे लिहिले होते तेही कळवले.

आता पेढीवर दोन तबके आहेत. एकावर पाटी आहे, ‘भट्टीतील मीना’; दुसऱ्यावर, ‘थंड रंग, मीना नव्हे’. दुसऱ्या तबकातला माल अजूनही अधिक विकला जातो, हे लपवत नाही. स्वस्त आहे, नाजूक बजेटच्या घरी तो चालतो आणि काय घेतो आहोत हे घेणाऱ्याला ठाऊक असते. पावतीपुस्तकात मीन्यासाठी वेगळा रकाना छापून घेतला आहे. नव्या मुनीमजींना तो रकाना का, हे समजावताना मी ड्रॉवरमधून सुई काढून देतो आणि दोन्ही तबकांतला एकेक नग पुढे ठेवतो.

बारांपैकी नऊ पदके विकली गेली आहेत. एक आईने आपल्याजवळ ठेवून घेतले. ते ती घालत नाही. जपाच्या माळेच्या डबीत ठेवते. परवा कोणी पाहुण्या आल्या, त्यांना दाखवताना तिने आधी ते उलटे केले आणि मागचा करडा मीना दाखवला.